कोशू: जपानची पांढरी वाईन कशी निवडायची, कशी प्यायची आणि सोबत काय खायचं

जपानी जेवणासोबत काय प्यायचं म्हटलं की साके नाहीतर बिअर, एवढंच डोळ्यासमोर येतं. पण टोकियोच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर यामानाशी नावाचा प्रांत आहे, चहूबाजूंनी डोंगर आणि मधे कोफूचं खोरं, आणि तिथे कोशू नावाच्या द्राक्षापासून जी पांढरी वाईन बनते ती या जेवणाशी जशी जमते तशी दुसरी कुठलीच वाईन जमत नाही असं माझं ठाम मत आहे. जपानमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी ती नीट समजून प्यावी म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. बरेच जण कोशूची पहिली बाटली फ्रीजमधून गारढोण काढतात, नुसतीच ग्लासात ओततात, दोन घोट घेतात आणि म्हणतात अरे हिला तर चवच नाही. न्यूझीलंडच्या सोव्हिन्यो ब्लाँकसारखा नाकावर येणारा वास हिला नसतोच. ही अंगाने हलकी, अल्कोहोल साधारण ११-१२ टक्के, आंबटपणा मवाळ, वास युझू या जपानी लिंबाचा, कच्च्या नाशपातीचा, कधी पांढऱ्या पीचचा, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला किंचित कडसर तुरटपणा राहतो. हा कडसरपणाच खरा कामाचा आहे, कारण तो तेल कापतो आणि तोंड पुढच्या घासाला तयार करतो. त्यामुळे कोशू जेवणाशिवाय उघडूच नका.

आणि जोडी लावताना एकच सूत्र धरा: ताटात मासा आहे, चिकन आहे की भाजी, हे नंतर बघा, आधी त्याला वरून काय लावलंय ते बघा. मीठ की सोया सॉस की मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट. बाटली त्यावरून ठरते.

हे द्राक्ष आहे काय

कोशूचं द्राक्ष हिरवं नसतं. पिकलं की साल फिकट गुलाबी-जांभळट होते, आणि ती जाड असते. वर म्हटलेला कडसरपणा या सालीतूनच येतो. जपानचा पाऊस, दमट उन्हाळा आणि पीक तयार व्हायच्या वेळेला येणारी वादळं यात पातळ सालीची युरोपियन द्राक्षं सडतात, ही मात्र टिकते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए संशोधनातून कळलं की हिच्यात साधारण ७० टक्के अंश युरोपियन वाईनच्या द्राक्षाचा आहे आणि बाकीचा पूर्व आशियातल्या रानटी द्राक्षाचा, म्हणजे पश्चिमेकडून चीनमार्गे जपानला येता येता वाटेत कुठेतरी हा संकर झाला. यामानाशीतल्या कात्सुनुमा गावातल्या दाइझेन्जी देवळाची दंतकथा तर ७१८ सालापर्यंत मागे जाते, ग्योकी नावाच्या भिक्षूला हातात द्राक्षांचा घड घेतलेले बुद्ध दिसले आणि त्याने इथे द्राक्षं लावली असं सांगतात. या देवळाला लोक द्राक्षांचं देऊळच म्हणतात.

वाईन मात्र बरीच नंतरची. १८७७ मध्ये यामानाशीत वाईन कंपनी निघाली आणि ताकानो मासानारी व त्सुचिया र्यूकेन या दोन तरुणांना वाईन शिकायला फ्रान्सला पाठवलं, १८७९ मध्ये ते परत आले. तिथून पुढे शंभरेक वर्षं कोशूची वाईन बऱ्यापैकी गोडच असायची आणि गावातले लोक ती १.८ लिटरच्या साकेच्या बाटलीतून चहाच्या कपात ओतून प्यायचे. कात्सुनुमात अजूनही पितात, आणि ती सवय मला फार आवडते, त्यात कसला तोराच नाही.

नाशिककडच्या लोकांना तिथले मळे बघून परकं वाटणार नाही. कोशू पारंपरिक पद्धतीने मांडवावरच वाढवतात, डोक्याच्या वर आडवं छत आणि घड खाली लोंबलेले. फरक असा की तिथे अनेक शेतकरी प्रत्येक घडावर मेणकागदाची छोटी टोपी बसवतात, हाताने, एकेक करून, कारण पावसाचं पाणी घडात शिरलं की बुरशी लागते. अकेनोसारख्या काही मळ्यांमध्ये आता मांडव सोडून तारांवर उभ्या रांगा लावतात, फळ कमी धरतात पण रस घट्ट मिळतो. ग्रेस वाईन या वाईनरीच्या अयाना मिसावा यांनी याच अकेनोच्या द्राक्षांपासून केलेल्या २०१३ च्या कोशूला २०१४ मध्ये डिकँटर या वाईनच्या मासिकाच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं आणि मग जगाने या वाईनकडे नीट बघायला सुरुवात केली.

बाटली घेताना

दुकानात सगळ्यात आधी लेबलवर ‘निहोन वाईन’ असं लिहिलंय का ते बघा. जपानमध्ये पूर्वी बाहेरून आणलेल्या द्राक्षरसापासून बनवलेली वाईनही देशी म्हणून विकली जायची आणि स्वस्त बाटल्यांमध्ये तो प्रकार अजूनही असतो. ऑक्टोबर २०१८ पासून नियम कडक झाला, फक्त जपानमध्ये पिकलेल्या द्राक्षांपासून जपानमध्येच केलेल्या वाईनला हे नाव लावता येतं, आणि द्राक्षाचं नाव लिहायचं तर त्या जातीची निदान ८५ टक्के द्राक्षं लागतात. त्यापुढे ‘जीआय यामानाशी’ दिसलं तर अजून चांगलं. २०१३ मध्ये वाईनसाठी जपानमध्ये मिळालेलं हे पहिलं भौगोलिक मानांकन, यात द्राक्षं शंभर टक्के यामानाशीचीच लागतात आणि वाईन चाखून पास करावी लागते.

ऑनलाईन मागवत असाल तर एक सांभाळा. जुन्या मुरवलेल्या साकेलाही कोशूच म्हणतात, अक्षरं वेगळी पण इंग्रजी स्पेलिंग तेच, त्यामुळे फोटोत द्राक्षांची वाईन आहे ना ते बघूनच ऑर्डर करा.

आता प्रकार. इथे जरा वेळ घालवा कारण पुढचं सगळं यावर आहे.

पहिली साधी, स्टीलच्या टाकीत केलेली. स्वच्छ, लिंबाळ, कोवळी. यातच एक सुगंधी उपप्रकार आहे, शातो मर्सियन या वाईनरीची कीइरोका त्यातली गाजलेली. बोर्दो विद्यापीठातल्या ताकातोशी तोमिनागा यांच्यासोबत केलेल्या कामातून कळलं की कोशूत मोसंबी-ग्रेपफ्रूटसारख्या वासाची द्रव्यं लपलेली असतात, द्राक्षं थोडी लवकर तोडली आणि मळ्यात तांब्याच्या बुरशीनाशकाची फवारणी आवरली तर ती टिकतात, आणि २००४ च्या हंगामापासून ती वाईन निघाली.

दुसरी स्यूर ली. आंबवण झाल्यावर तळाशी यीस्टचा जो गाळ बसतो त्याच्यावरच वाईन काही महिने ठेवतात, मग तिला थोडा भरीवपणा येतो, पावाच्या कडेसारखा हलका वास येतो, आणि दाशीची, म्हणजे वाळवलेला मासा किंवा कोंबू ही समुद्री वनस्पती घालून केलेल्या जपानी रस्स्याची, जी चव असते ना, उमामी, तिच्याशी सूर जुळतो. १९८० च्या दशकात मर्सियनने ही पद्धत कोशूसाठी बसवली आणि आपल्यापुरती न ठेवता आसपासच्या वाईनरींना पण सांगितली, म्हणून आज कात्सुनुमात जवळपास सगळ्यांकडे हा प्रकार मिळतो. पहिली बाटली घ्यायची असेल तर मी डोळे झाकून स्यूर लीच सांगेन.

तिसरी ओकच्या पिंपात मुरलेली, आणि चौथी सालींसकट आंबवलेली, रंगाने नारिंगी, तुरटपणा जास्त, वास वाळलेल्या जर्दाळूचा आणि चहाचा. या दोन्ही जड जेवणाच्या. बाकी फसफसणारी पण असते, तळणासोबत ती छानच, आणि थोडी गोड पण असते. रोजच्या प्यायची चांगली बाटली साधारण दीड ते तीन हजार येनला येते, त्याच्या वरचे पैसे एकाच मळ्याच्या किंवा पिंपातल्या वाईनला पडतात.

गार किती आणि ग्लास कुठला

साधी कोशू ८ ते १० डिग्रीला, स्यूर ली १० ते १२ ला, नारिंगी आणि पिंपातली १२ ते १४ ला. थर्मामीटर नको, फ्रीजमधून काढून साधी दहा मिनिटं, स्यूर ली पंधरा-वीस मिनिटं आणि नारिंगी अर्धा तास बाहेर ठेवली की झालं. फार गार असली की वास बंद आणि कडसरपणा तेवढा पुढे येतो. ग्लास मध्यम, तोंडाशी निमुळता, आणि एका वेळी थोडीच ओता म्हणजे बाकीची बाटली गार राहते. बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं, त्यावरून वाईन हलकी समजू नका.

आता ताट

मिठापासून सुरुवात करा. साध्या कोशूला मीठ आणि लिंबूवर्गीय आंबट यापलीकडे काही लागत नाही. पांढऱ्या माशाची साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप घ्या, ताई किंवा हिरामे, सोया सॉस बाजूला ठेवा, चिमूटभर मीठ आणि सुदाची या छोट्या हिरव्या लिंबाचे दोन थेंब, मग घास आणि त्यावर घोट. टेंपुरा पण मिठासोबतच खा, दाशीच्या सॉसमध्ये बुडवायचा असेल तर स्यूर लीवर या. याकितोरीच्या, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या चिकनच्या दुकानात ऑर्डर देताना विचारतातच की मीठ की तारे (सोयाचा सॉस), कोशू पिताय तर मीठ सांगा, तारे गोड असतो आणि गोड सॉसपुढे ही वाईन आंबट आणि पातळ लागते. काकिआगे, म्हणजे कांदा-गाजर-कोळंबीचे जाळीदार तळलेले गोळे, थेट खेकडा भजीच्या वळणाचे, त्याच्यासोबत फसफसणारी कोशू मिळाली तर दुसरं काही मागू नका.

कालवं, स्कॅलप, माशाची अंडी या गोष्टींपाशी बहुतेक वाईनी मार खातात. घोट घेतल्याबरोबर तोंडात माशाचा उग्र वास उसळतो आणि माणसाला वाटतं मासाच शिळा आहे. मर्सियनच्याच संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की यामागे वाईनमधलं लोह असतं, लोह जास्त तेवढा हा वास जास्त. कोशूमध्ये लोह साधारणपणे कमी असतं त्यामुळे ती कच्च्या मासळीसोबत निभावून नेते. कालवावर पोंझू (लिंबूवर्गीय रस घातलेला सोया सॉस) किंवा नुसतं लिंबू, आणि साधी किंवा स्यूर ली कोशू. सुशीलाही हेच, भातातलं व्हिनेगर आणि वाईनचा आंबटपणा एकमेकांना सांभाळून घेतात, फक्त ऊनागीसारखी (ईल मासा) गोड सॉसची सुशी शेवटी ठेवा आणि तोपर्यंत नारिंगी कोशू उघडलेली असू द्या.

सोया सॉस आणि दाशी आले की स्यूर ली. आगेदाशी तोफू (दाशीतला तळलेला तोफू), चावानमुशी (वाफवलेलं अंड्याचं कस्टर्ड), ओदेनमधला (रश्शात शिजवलेल्या पदार्थांमधला) दाईकॉन मुळा, युदोफू (गरम पाण्यातला तोफू), हे सगळं दिसायला साधं पण दाशीवर उभं असतं, आणि स्यूर लीतला तो गाळावर मुरलेला भरीवपणा नेमका तिथे जाऊन बसतो. शाकाहारी मंडळींनी इथे एक विचारून घ्यायला हवं, नेहमीच्या दाशीत कात्सुओ मासा असतो, तेव्हा कोंबू आणि शिइताके मशरूमची दाशी आहे का ते विचारा, घरी करत असाल तर प्रश्नच नाही. वासाबी, शिसो, म्योगा, युझुकोशो हे हिरवे तिखट-सुगंधी प्रकार कोशूला फार मानवतात.

मिसो आणि गोडसर सोया आले की नारिंगी किंवा पिंपातली. यामानाशीचं स्वतःचं जेवण इथेच येतं. होऽतो म्हणजे रुंद, जाड नूडल्स, लाल भोपळ्याचे तुकडे घालून मिसोत शिजवलेल्या, भोपळा विरघळून रस्सा दाट होतो. कोफूचं तोरीमोत्सुनी म्हणजे कोंबडीची कलेजी, पोटा वगैरे सोया आणि साखरेत आटवलेलं, चकचकीत. दोन्ही साध्या कोशूला गिळून टाकतात. समुद्र नसलेल्या या प्रांताची अजून एक खासियत म्हणजे निगाई, सोयात शिजवलेलं अवाबी (ॲबलोनी हा समुद्री शिंपला), जुन्या काळी सुरुगाच्या खाडीकडून डोंगर ओलांडून आणायचे, त्याच्यासोबत मात्र स्यूर ली.

हे सगळं एका संध्याकाळी स्वतः बघायचं असेल तर असं करा. एक ताईचा फिले घ्या, तीन तुकडे करा. तिन्ही तुकडे चिमूट मीठ लावून वीस मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी कागदाने टिपा. पहिला सालीची बाजू खाली ठेवून तव्यावर कुरकुरीत भाजा आणि लिंबू पिळा. दुसरा कोंबूच्या दाशीत चमचाभर सोया आणि आल्याचे काप टाकून पाच-सात मिनिटं शिजवा. तिसऱ्याला पांढरा मिसो, मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची वाईन) आणि थोडी साखर कालवून लावा आणि दोन-तीन तासांनी, मिसो पुसून, मंद आचेवर भाजा कारण मिसो पटकन करपतो. आता साधी, स्यूर ली आणि नारिंगी, प्रत्येकीचा थोडा थोडा ग्लास भरा आणि तिन्ही तुकड्यांसोबत तिन्ही चाखा. मासा एकच, तरी मिसोच्या तुकड्यासोबत साधी कोशू अगदी रिकामी लागेल आणि लिंबाच्या तुकड्यावर नारिंगी धावून जाईल. हे एकदा जिभेला कळलं की कुठल्याही इझाकायात (जपानी खानपानाच्या अड्ड्यात) मेनू वाचताना बाटली सुचायला लागते.

काय टाळायचं? साध्या आणि स्यूर ली कोशूसोबत तेरियाकीसारखं गोड, आणि एकूणच लाल मांसाचे जड प्रकार, जास्त क्रीम, आणि तिखटजाळ काहीही. तिखटाने कोशूचा कडसरपणा दुप्पट वाटायला लागतो.

आपल्या घरचं काय

टोकियोच्या निशी-कसाईत किंवा योकोहामात स्वयंपाक करणाऱ्या मराठी घरांसाठी हा भाग. जपानच्या बाजारात सावारा मिळतो, तो आपल्या सुरमईचाच जातभाई, आणि मानागात्सुओ हा पापलेटचा. सावाऱ्याच्या तुकडीला मीठ, हळद, लिंबू लावून नुसत्या तांदळाच्या पिठात घोळवून तळा, लाल तिखट अगदी नावाला, सोबत साधी किंवा स्यूर ली कोशू, फार सुंदर लागतं. कोथिंबीर वडी चालते, दडपे पोहे तर खूपच चालतात कारण ओलं खोबरं, लिंबू, कोथिंबीर हे सगळं कोशूच्या बाजूचंच आहे. साबुदाणा खिचडीसोबत स्यूर ली घेऊन बघा, दाण्याच्या कुटाला तो भरीवपणा आवडतो. अळूवडीत चिंच-गूळ असतो म्हणून नारिंगी. मटणाचा रस्सा, कोल्हापुरी मसाला, लसणाची चटणी असलेलं ताट असेल त्या दिवशी बाटली बंद राहू द्या, वाईनवर अन्याय होतो.

सुट्टीला घरी येताना आणायची असेल तर भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू ड्यूटीशिवाय आणता येते, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात, चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध.

कात्सुनुमाला जायचं तर

शिंजुकूवरून चुओ लाईनची काइजी एक्स्प्रेस पकडा, सगळ्या गाड्या थांबत नाहीत म्हणून कात्सुनुमा-बुदोक्यो स्टेशनला थांबणारी बघून घ्या, साधारण दीड तास लागतो. स्टेशन चढावर आहे, बाहेर पडलं की खाली सगळं खोरं द्राक्षमळ्यांनी भरलेलं दिसतं आणि समोरच्या टेकडीवर बुदो नो ओका हे वाईन चाखायचं केंद्र. तिथे ठराविक पैसे भरले की तातव्हाँ नावाची धातूची उथळ वाटी हातात देतात आणि तळघरात मांडलेल्या आसपासच्या वाईनरींच्या बाटल्या आपल्याच हाताने ओतून चाखता येतात. तिथे सगळंच चाखत सुटू नका. आधी वेगवेगळ्या वाईनरींच्या स्यूर ली शेजारी शेजारी घ्या, मग नारिंगी, मधे मधे पाणी प्या, आणि आवडलेल्या बाटलीचा फोटो काढून ठेवा. नंतर चालत जाता येतील अशा वाईनरी बऱ्याच आहेत, फक्त भेटीची वेळ आधी ठरवून घ्या. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत कोशूची तोडणी असते, तेव्हा मळे बघायला मजा येते पण वाईनरीतली माणसं कामात बुडालेली असतात. गाडी नेऊ नका, जपानमध्ये पिऊन चालवणाऱ्यालाच नाही तर गाडीत बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते, आणि वय २० पूर्ण लागतं.

उरलेल्या वाईनचं

उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते, नारिंगी त्याहून थोडी जास्त. त्यानंतर प्यायला नको पण फेकू पण नका. ३०० ग्रॅम आसारी म्हणजे छोटे शिंपले आणा, लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालून त्यात दोन-तीन तास झाकून अंधारात ठेवा म्हणजे ते वाळू सोडतात, मग एकमेकांवर चोळून धुवा. पसरट भांड्यात चमचाभर तेलात ठेचलेली एक लसूण पाकळी परता, शिंपले टाका, अर्धी वाटी उरलेली कोशू ओता, लगेच झाकण लावा आणि आच मोठी करा. तीन-चार मिनिटांत शिंपले तोंड उघडतात, उघडले की गॅस बंद, वरून सोयाचे चार थेंब आणि कांद्याची पात. मीठ घालायचं नाही, शिंपल्यांचं पाणीच खारट असतं. जे उघडले नाहीत ते काढून टाका, आणि तळाशी राहिलेला रस्सा भातावर घ्या.